देव मानते, पण धर्माच्या रकान्यात काय लिहू?

ओलीमाती
बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं, आज लिहितेच.

मी देव मानते. रोज सकाळी चहाचं आधण ठेवलं की ते उकळेपर्यंत मी त्याच्याशी बोलते, मोठ्याने नाही, मनात. काल काय चुकलं, आज कशाची भीती वाटतेय असं काहीही. हे मी बारावीपासून करतेय आणि आता चाळिशी आली. पण मी देवळात जात नाही, उपास करत नाही, घरात देव्हारा नाही, गळ्यात कुठल्या महाराजांचं लॉकेट नाही. कुणी धर्म विचारला की मला खरंच उत्तर येत नाही.

पौषात बाबा गेले. भावाने दहावं-तेरावं सगळं रीतसर केलं, मी पण बसले. गुरुजी भले होते, त्यांच्याबद्दल तक्रार नाही, उलट आईला त्यांनी फार मायेनं सांभाळून घेतलं. पण तिथे बसून मला बाबाही आठवेनात आणि देवही. सगळं लक्ष दर्भ कुठल्या बोटात आणि पाणी कुठल्या बाजूने सोडायचं यातच. रात्री गॅलरीत एकटी उभी राहिले तेव्हा कुठे रडू आलं, आणि त्याला म्हटलं बाबांना नीट सांभाळ.

आता लेकीचा पहिलीचा प्रवेश. फॉर्मवर धर्म, जात, पोटजात. मी धर्माचा रकाना रिकामा ठेवला तर ऑफिसातल्या मॅडम म्हणाल्या, ताई हे भरल्याशिवाय कॉम्प्युटर पुढेच जात नाही. नवरा म्हणतो हिंदू लिहून टाक, काय बिघडतं. सासरे म्हणाले, देव मानतेस म्हणजे नास्तिक नाहीस, मग तू आहेस तरी कोण? तो प्रश्न मला लागलाय. देव आहे पण धर्म नाही असं खरंच असतं का, की मी नुसती आळशी हिंदू आहे? तुमच्यापैकी कुणी असं जगतंय का?

---

रानवारा
अगदी सेम. फक्त माझं बोलणं बसमध्ये होतं, स्वारगेट ते हडपसर. फॉर्मवर हिंदू लिहून मोकळी झाले होते, तेव्हा काही वाटलं नाही, तुझं वाचून आता वाटतंय.

---

काकडआरती
ताई, बाबांबद्दल वाचून वाईट वाटलं.

पण मला तुमचा प्रश्नच कळला नाही. तुम्ही जे करता त्याला आमच्याकडे नामस्मरण म्हणतात आणि त्याला कुठलाही गुरुजी लागत नाही. आमच्या घरात ४ पिढ्यांची वारी आहे, बार्शीकडचे आम्ही. माझी आजी निरक्षर होती, दळताना पांडुरंगाशी भांडायची, लेकरू तापाने फणफणलं की त्याला शिव्या द्यायची. तिला कुणी विचारलं नाही की तू धर्मात बसतेस का. हे घर एवढं मोठं आहे की तुम्ही ओसरीवर बसा, माजघरात बसा नाहीतर अंगणात, घराबाहेर काढणारं कुणी नाही. मग मी या घरची नाही असं स्वतःहून का म्हणायचं?

---

तर्कट
काकडआरती, आजी आवडल्या. पण "काढणारं कुणी नाही" हे पटलं नाही. पंढरपूरच्याच देवळात दलितांना पाऊल टाकता यावं म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. ओसरी, माजघर, अंगण हे ज्याने त्याने निवडलेलं नव्हतं हो, कुणी कुठे बसायचं ते ठरलेलं होतं.

ओलीमाती, मी देव मानत नाही त्यामुळे माझा प्रश्न उलटा आहे. धर्म सोडायची हिंमत केलीत, मग देव कशाला धरून ठेवलात? तो देव तुम्हाला कुणी दिला? आईने, शाळेतल्या प्रार्थनेने, गणपतीच्या आरतीने. धर्मानेच ना? फांदी तोडली आणि फळ हातात ठेवलं असं झालं हे. दुखवायला म्हणत नाहीये, खरंच समजून घ्यायचंय.

---

काकडआरती
तर्कट, १९४७ चं मान्य. एवढंच नाही, बडवे-उत्पात या पिढीजात पुजाऱ्यांचा देवळावरचा हक्क सुप्रीम कोर्टात संपायला जानेवारी २०१४ उजाडावा लागला. पण तेव्हा सगळ्यात जास्त आनंद वारकऱ्यांनाच झाला हेही लिहा. देवावर कुणाची मालकी नको ही मागणी आतूनच आलेली आहे.

---

ओलीमाती
सगळ्यांचे आभार.

काकडआरती काका, आजींचं वाचून डोळे भरले. माझ्या बोलण्यातही भांडण खूप असतं. पण मी खोटं नाही बोलणार, पंढरपूरला मी एकदा गेलेय आणि गर्दीत मला तो भेटला नाही. इतरांना भेटतो हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

तर्कट, देव मला घरातूनच मिळाला हे अगदी खरं. पण मराठीही मला आईकडूनच मिळाली, म्हणून मी तिच्यासारखंच बोललं पाहिजे असं थोडीच आहे? आणि धरून ठेवलाय असं वाटत नाही हो. मध्ये ३ वर्षं मी ठरवून बंद केलं होतं, कॉलेजात, अगदी तुमच्यासारखं वाचून. पण चहाच्या वेळेला तोंड आपोआप तिकडे वळायचं.

---

गिरगावकर_७४
या धाग्यावर मला लिहिलंच पाहिजे कारण ओलीमातीचा प्रश्न आपल्याकडे दीडशे वर्षांपूर्वी विचारून झालाय आणि नुसता विचारला नाही, त्यावर माणसांनी आयुष्यं घालवली.

मुंबईत १८४९ च्या सुमारास परमहंस सभा निघाली, दादोबा पांडुरंग त्यात प्रमुख. देव एक, मूर्ती नको, जातिभेद नको. पण सगळं गुप्त, कारण घरच्यांची आणि जातीची भीती. सभेत येणाऱ्याला परक्या धर्मातल्या माणसाने भाजलेला पाव सगळ्यांसमोर खावा लागे, तीच दीक्षा. आज हसू येतं पण त्या काळी त्या एका घासाने माणूस वाळीत पडायचा. पुढे १८६० च्या आसपास सभासदांची यादी चोरीला गेली, नावं फुटली आणि सभा मोडली.

मग ३१ मार्च १८६७ ला प्रार्थना समाज. स्थापना डॉ. आत्माराम पांडुरंग यांची, म्हणजे दादोबांचेच भाऊ. पुढे न्यायमूर्ती रानडे आले, भांडारकर आले. यांनी काय केलं तर रविवारी एकत्र बसायचं, मूर्ती नाही, पुरोहित नाही, मराठीत प्रार्थना, तुकोबांचे अभंग, मग एक प्रवचन. आणि सभासदाने घरचे संस्कार सोडलेच पाहिजेत असा हट्ट धरला नाही. बंगालच्या ब्राह्मो मंडळींनी धरला होता. त्यावरून यांना कचखाऊ म्हणणारे तेव्हाही होते. पण मला त्यात एक माणुसकी दिसते. आईच्या समाधानासाठी घरी सत्यनारायणाला बसणाऱ्या माणसालासुद्धा रविवारी तिथे जागा होती.

माझे आजोबा जायचे. मी लहान असताना २-३ वेळा त्यांच्याबरोबर गेलोय. मोठा हॉल, बाकं, पंखे, २५-३० माणसं, बहुतेक सगळी म्हातारी. पेटीवर अभंग. मला तेव्हा कंटाळा आला होता. आता त्या हॉलची आठवण आली की घसा दाटून येतो. विठ्ठल रामजी शिंद्यांसारखा माणूस या समाजाने ऑक्सफर्डला धर्मांचा अभ्यास करायला पाठवला, परत येऊन त्याने १९०६ साली अस्पृश्यांच्या मुलांसाठी काम उभं केलं. आणि आज बहुतेकांना ते नाव फक्त बसस्टॉप म्हणून माहितीये.

---

रानवारा
काका मी अशीच एक! चर्नी रोडजवळ मावशीकडे जायचे तेव्हा कंडक्टरकडे "एक प्रार्थना समाज" म्हणून तिकीट मागायचे. धर्मच मागत होते की मी, तेही सुट्ट्या पैशांत :)

---

पाटावरवंटा
रानवारा, हसून हसून पुरेवाट. आता कंडक्टरलाच विचार धर्माच्या रकान्यात काय लिहायचं.

---

तर्कट
गिरगावकर, माहितीबद्दल धन्यवाद. पण मग प्रश्न असा की एवढी मोठी माणसं असून तो हॉल २५-३० म्हाताऱ्यांवर का आला?

---

निळीपहाट
मी नागपूरचा. घरात तिसरी पिढी बौद्ध. माझं तर ओलीमातीच्या बरोबर उलटं आहे. आमच्याकडे धम्म आहे आणि देव नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला माझे आजोबा दीक्षाभूमीवर होते, २२ प्रतिज्ञांपैकी पहिल्याच प्रतिज्ञेत देव सोडले. सोडले म्हणजे खरंच सोडले, घरातल्या तसबिरी आजोबांनी कोराडीच्या तलावात विसर्जित केल्या. आजी त्या रात्री जेवली नाही असं बाबा सांगायचे. पण सकाळी उठून तिनेच पंचशील पाठ करायला घेतलं.

ताई, तुमच्या चहाच्या वेळेबद्दल मला आदरच आहे. पण एक गोष्ट सांगू का, धर्माचा रकाना रिकामा ठेवायची सोय सगळ्यांना नाही. अनुसूचित जातीचा दर्जा आजही हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो, १९५० च्या आदेशाप्रमाणे. त्यात शीख १९५६ ला आले आणि बौद्ध १९९० ला. माझ्या लेकीने उद्या म्हटलं की मी धर्माच्या पलीकडे गेलेय तर तिच्या स्कॉलरशिपपासून जातपडताळणीपर्यंत सगळ्याला फटका बसेल. पहिलीच्या दाखल्यावरचा एक शब्द आमच्याकडे २५ वर्षांनी बाहेर काढून तपासतात. त्यामुळे "कशाला हवा धर्म" हे वाक्य ऐकलं की मला आधी बोलणाऱ्याचं आडनाव बघावंसं वाटतं. राग नाही, अनुभव आहे.

आणि दुसरं, आम्हाला धर्म हवा होता. एकेकट्याने माणूस होता येत नव्हतं, लाखोंनी मिळून झालो.

---

काकडआरती
निळीपहाट, शेवटची ओळ वाचून गप्प बसलो. नमस्कार घ्या.

---

ओलीमाती
दादा, हे मला सुचलंच नव्हतं, खरं सांगते. रकाना रिकामा ठेवताना मला फक्त माझं मन दिसत होतं. माझ्या लेकीला त्या रिकाम्या जागेने काही तोटा होणार नाही ही सोय मला फुकट मिळालेली आहे. विचार करायला लागेल.

---

वकिली_टिपण
कायद्याचं थोडं सांगतो, इथे सल्ला म्हणून घेऊ नये.

१. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये, न्या. ओक आणि न्या. चांदूरकर यांच्यासमोर, नेमका हाच मुद्दा निकाली काढला आहे. गंमत म्हणजे याचिका करणारे नास्तिक नव्हते. ते येशू ख्रिस्ताला मानणारे होते, पण ख्रिश्चन किंवा दुसरा कोणताही धर्म आपण मानत नाही असं त्यांचं म्हणणं होतं आणि राजपत्रात तशी नोंद हवी होती. सरकारी मुद्रणालयाने नकार दिला म्हणून ते कोर्टात आले. कोर्टाने सांगितलं की संविधानाच्या कलम २५ मधल्या सद्सद्विवेकाच्या स्वातंत्र्यात "माझा कोणताच धर्म नाही" म्हणण्याचा हक्क येतो आणि सरकार कुणालाही धर्म जाहीर करायला भाग पाडू शकत नाही. म्हणजे ओलीमाती, सासऱ्यांना सांगा, तुमच्यासारख्या माणसांची दखल हायकोर्टाने घेतलेली आहे.

२. पण काकडआरती म्हणतात ते घर कायद्यातही तेवढंच मोठं आहे. १९५५ चा हिंदू विवाह कायदा मुसलमान, ख्रिस्ती, पारशी आणि ज्यू सोडून इथल्या जवळजवळ सगळ्यांना लागू होतो, आणि त्यात ब्राह्मो, प्रार्थना आणि आर्य समाजाचे अनुयायी हे नावानिशी हिंदू म्हणून घातलेले आहेत. गिरगावकरांच्या आजोबांना कायद्याने परत घरातच आणून बसवलं.

३. विशेष विवाह कायद्याने लग्न केलं तरी नवरा-बायको दोघंही हिंदू असतील तर १९७६ च्या दुरुस्तीनंतर वारसा हिंदू कायद्यानेच चालतो. त्यामुळे फॉर्मवर काहीही लिहा, वाटणीच्या वेळी धर्म हजर असतोच.

---

लेस्टरची_सून
इकडे इंग्लंड-वेल्समध्ये जनगणनेत धर्माचा प्रश्न २००१ पासून आहे आणि त्याचं उत्तर देणं ऐच्छिक आहे. २०२१ ला ३७.२ टक्के लोकांनी धर्म नाही वर खूण केली. माझ्या शेजारीण आजी त्यातल्याच, आणि त्याच आजी रोज रात्री झोपताना प्रार्थना करतात. मी विचारलं तर म्हणाल्या, चर्च सोडलं, त्याला नाही सोडलं. तिकडे भारतात २०११ ला धर्म न सांगितलेले २८ लाखांच्या वर होते पण टक्क्यात बघितलं तर पाव टक्कासुद्धा नाही.

माझं स्वतःचं मात्र वेगळंच झालं. पुण्यात असताना देवळाची पायरी चढले नाही आणि इथे आल्यावर पहिल्याच थंडीत मंदिरात जाऊन बसायला लागले. देवासाठी नाही, खोटं कशाला बोलू, मराठी ऐकायला. मग हळूहळू त्याच्यासाठी पण.

---

म्हापशेकर
मी हिंदू, नवरा कॅथलिक, गोव्यात म्हापशाजवळ राहतो. आमच्याकडे चर्चमध्ये मिलाग्रिस सायबिणीचं, म्हणजे मेरीमातेचं फेस्त असतं त्याला माझ्या माहेरचे पण तेल घेऊन जातात, कारण ती शिरगावच्या लइराई देवीची बहीण. बहिणीबहिणींमध्ये तेल-फुलांची देवाणघेवाण चालते. कोण कुठल्या धर्माची हे त्या दोघींनीच विचारलं नाही तर आम्ही कशाला विचारणार.

नवरा म्हणजे तुमच्यासारखाच गो ताई. मिसला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, जाऊन त्याला १५ वर्षं झाली. पाद्रीशी एकदा वाद झाला आणि सोडलं. पण रात्री खाटेवर बसून डोळे मिटून असतो, मला माहितीये तो कुणाशी बोलतो. त्याला पण वाटायचं आपल्याला कुणाची गरज नाही.

मग सासू गेली. तिन्हीसांजेला गेली, पावसात, लाईट नव्हती. तासाभरात वाड्यावरची माणसं आली. कुणी पेज आणली, कुणी खुर्च्या, कुणी तिला कपडे घातले. कुणी सांगितलं नाही, ज्याचं काम त्याला ठाऊक. आणि मग सगळ्यांनी मिळून प्रार्थना म्हटली, एकाने सुरू करायची आणि बाकीच्यांनी पुरी करायची, ती कोंकणीतली जुनी. माझा नवरा भिंतीला टेकून उभा होता, १५ वर्षांत ओठांवर न आलेले शब्द त्याच्या तोंडून यायला लागले. नंतर मला म्हणाला, आज मी एकटा असतो तर मला आईसाठी एक शब्द सुचला नसता.

तरी तो अजून मिसला जात नाही. पण आता वाड्यावर कुणी गेलं तर पहिला हा पोचतो.

---

पाटावरवंटा
म्हापशेकर, काय लिहिलंयस. माझ्याकडे शब्द नाहीत.

---

गिरगावकर_७४
तर्कट यांनी विचारलं होतं की तो हॉल रिकामा का झाला. म्हापशेकरांच्या पोस्टीत उत्तर आहे असं मला वाटतं. प्रार्थना समाजाकडे रविवार होता पण पेज घेऊन येणारी माणसं कमी होती. शिकलेल्या, भल्या, वक्तशीर माणसांची ती संस्था. आजोबा गेले तेव्हा समाजातले दोघं आले, फार आदराने बसले आणि गेले. रात्रभर बसले ते चाळीतले.

---

काकडआरती
हेच मला पहिल्या दिवशी सांगायचं होतं पण नीट सांगता आलं नाही. वारी संघटित आहे, नाही असं मी म्हणणार नाही. माऊलींच्या रथापुढे २७ दिंड्या, प्रत्येकीला नंबर, जागा ठरलेली. पण संध्याकाळी तळावर चोपदाराने चोप उंचावला की लाखाचा समाज एका क्षणात गप्प होतो, आणि तरी एखादी दिंडी टाळ वाजवतच राहते, कारण तिची काही तक्रार असते. तिचं ऐकून घेतल्याशिवाय आरती होत नाही. मी ते उभ्याने बघितलंय. संघटना म्हणजे नुसता हुकूम नसतो ताई.

---

तर्कट
हे टाळांचं माहीत नव्हतं. फार सुंदर. माझं मत बदललं नाही पण एकदा पंढरपूरच्या अलीकडच्या वाखरीच्या तळापर्यंत चालत यायला आवडेल, चालत असेल तर.

---

काकडआरती
चालतं म्हणजे! पायात चांगले बूट घाला, बाकी तुमची मतं असू द्या, पावसात भिजली तरी बिघडत नाहीत.

---

जुन्नरी
उशिरा आलो. महात्मा फुल्यांचं नाव अजून कसं नाही आलं? १८७३ ला सत्यशोधक समाज काढला तो देव नाकारायला नाही. ते देवाला निर्मिक म्हणायचे. ज्याने सगळं निर्माण केलं तो. निर्मिक आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको एवढंच म्हणणं. त्यांचं सार्वजनिक सत्यधर्मावरचं पुस्तक ते गेल्यावर १८९१ ला छापून आलं.

आणि हे नुसतं पुस्तकात नाही. माझं स्वतःचं लग्न सत्यशोधक पद्धतीने झालंय. मंगलाष्टका मराठीत, नवरा-नवरीने एकमेकांना बोलून शब्द द्यायचा. बायको सगळ्या गावासमोर म्हणाली की मला बरोबरीने वागवशील असं कबूल कर, मी म्हटलं कबूल. पुढच्या रांगेत बसलेल्या म्हाताऱ्या बायका रडत होत्या. त्यांना पहिल्यांदा लग्नातला शब्द न् शब्द कळत होता.

ओलीमातीताई, तुम्हाला दहाव्याला बाबा आठवेनात कारण शब्द तुमचे नव्हते. निर्मिकाशी तुम्ही चहापाशी बोलता ते तुमच्या शब्दांत असतं. तेच शब्द चारचौघांत बोलायला काय हरकत आहे?

---

निळीपहाट
जुन्नरी, सहमत. आमच्याकडे पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असतो, वंदना झाली की ज्याला वाटेल तो उठून गेलेल्या माणसाबद्दल बोलतो. माझ्या आजोबांच्या वेळी त्यांचा सायकल दुरुस्तीवाला मित्र १० मिनिटं बोलला, तसं आम्ही घरचे पण बोलू शकलो नाही.

---

ओलीमाती
१२ दिवसांनी परत येतेय. सगळं दोनदा वाचलं, आईला पण वाचून दाखवलं, निळीपहाट दादांच्या आजीचं आणि म्हापशेकर ताईंच्या सासूबाईंचं तिने परत वाचायला लावलं.

आधी फॉर्मचं. वकिलांनी सांगितलेला निकाल छापून नेला होता पण दाखवायची वेळ आली नाही. मॅडमनी यादी उघडली तर त्यात तळाला "इतर" होतं, आम्ही दोघींनी आधी बघितलंच नव्हतं. मी बराच वेळ त्याकडे बघत बसले. मग नवऱ्याला फोन केला, कारण लेक त्याचीही आहे. शेवटी तिच्यापुढे हिंदू लिहिलं आणि पालकांच्या माहितीत माझ्या नावापुढे इतर. तिचा देव ती शोधेल, मी तिच्यासाठी रिकामी जागा पण ठरवायची नाही आणि भरलेली पण नाही, पण काहीतरी एक लिहावं लागलं. चुकलं असेल कदाचित. सासऱ्यांना सांगितलं, मी इतर. ते म्हणाले बरं, आणि पेपर वाचायला लागले.

दुसरं जास्त महत्त्वाचं. म्हापशेकर ताईंची पोस्ट वाचल्यापासून माझ्या डोक्यात एकच आहे, की मी गेली २५ वर्षं त्याच्याशी बोलतेय पण ते बोलणं ऐकलेलं दुसरं एकही माणूस नाही. बाबांना पण माहीत नव्हतं. त्यांना वाटायचं पोरगी देव मानत नाही आणि त्याचं त्यांना वाईट वाटायचं, हे मला आता आईकडून कळलं.

भाऊ वर्षश्राद्ध करणारच आहे, मी त्याच्या बाजूला बसणार आहे. आणि त्याच दिवशी संध्याकाळी घरी माणसं बोलावतेय, बाबांचे बँकेतले मित्र, खालचा इस्त्रीवाला, मामा, माझ्या मैत्रिणी. कुणाला अभंग म्हणायचा तर म्हणा, कुणाला बोलायचं तर बोला. सुरुवात मी करणार, चहा ठेवते तेव्हा बोलते तसंच, पण मोठ्याने. आत्तापासून हात थरथरतायत.

---

रानवारा
मी येणार. पत्ता मला खाजगी निरोपात पाठव. आणि चहाचं माझ्याकडे, तू बोल.

---

जुन्नरी
किती माणसं होतील ताई? सतरंज्या लागल्या तर सांगा, आमच्या मंडळाच्या ४ आहेत, पुण्यात भावाकडेच पडून असतात.